चाकांची निळी झाकणं

आमचे हे एखाद्या कामाला "बघू" म्हणाले, तर ते काम होणार नाही असं समजावं. "आणा इकडे" म्हणाले, तर झालंच. व्याही पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आणा इकडे." खोक्यात काय आहे ते अजून कुणी विचारलंही नव्हतं.

खोक्यात लढाऊ विमान होतं. खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं, हातभर लांब, प्लास्टिकचं मॉडेल. आमचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, जन्मभर विमानं दुरुस्त करत होते. उडवत नव्हते. हे ते स्वतःच प्रत्येकाला आधी सांगून टाकतात, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतात. ते निवृत्त झाले तेव्हा हँगरमधल्या सोबत्यांनी हे मॉडेल जोडून त्यांना भेट दिलं होतं. अठरा वर्षं ते फळीवर सुखात होतं. मग फळीची खुंटी निसटली आणि विमान तोंडावर आपटलं. डावा पंख मुळापासून निखळला, पुढचं चाक मोडलं, वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला ओरखडे पडले आणि रंगाचे टवके गेले. विहीणबाई म्हणाल्या, असली खेळणी बाजारात ढिगाने मिळतात, नवं आणा. त्यावर व्याही दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत म्हणे.

तीन महिन्यांनी त्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होता. तिथे हे विमान न्यायचं, आणि नुसती डागडुजी करून नाही, तर त्यांच्या हातचं विमान करून न्यायचं, अशी व्याह्यांची इच्छा होती. मॉडेल कसं कोरं करकरीत होतं, दुकानातल्यासारखं. खऱ्या विमानाला त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं होतं. त्याच्या पोटाखाली तेलाचा ओघळ कुठून कुठे जायचा, शिडी लावून लावून कुठला रंग घासला गेला होता, वैमानिकांच्या बुटांनी कुठे टवके पडले होते, ते सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं. ह्यांनी तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांचे ओरखडे घालवले. आता मुद्दाम ओरखडे काढायचं काम आलं, तर माणूस असा खूश, जणू उलट्या दिशेने बढती मिळाली.

ह्यांच्या कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीचं एक दार ठोकलं गेलं, तर तेवढ्या एका दाराला रंग द्यायचा आणि तो बाकीच्या गाडीशी असा जुळवायचा की मालकालाही दार सापडू नये. डब्यावरचा नंबर बघून हे होत नाही, कारण उन्हापावसात प्रत्येक गाडी आपापल्या परीने विटते. ते डोळ्याने करावं लागतं. ह्यांना ते त्यांच्या मोठ्या भावाने शिकवलं. दोघे एकाच गॅरेजमध्ये होते. दीर नवशिक्या पोरांना डब्यातून रंग ओतू देत नसत. काडीच्या टोकाएवढा घाल, म्हणायचे, घातलेला काढता येत नाही. आणि बल्बखाली रंग मिसळणाऱ्याला त्यांनी हातातली पळी फेकून मारलेली मी पाहिली आहे.

मी स्वतः रफू करते. जळालेलं, फाटलेलं, उंदराने कुरतडलेलं कापड धाग्याला धागा लावून विणून देते. म्हणजे घरात दोन माणसं आणि दोघांचाही धंदा एकच: झालेलं नुकसान दिसू द्यायचं नाही. या एका गोष्टीवरून आमच्यात अडतीस वर्षं चढाओढ आहे. माझं रफू त्यांना सापडायचं, त्यांचा रंग मला सापडायचा नाही, आणि हे ते चारचौघांत सांगायचे.

तर विमान आमच्या खिडकीजवळच्या टेबलावर आलं. ह्यांनी पहिले दोन आठवडे नुसतं ते सोडवलं. काचेवरचे ओरखडे टूथपेस्ट लावून बोटाने घासून घासून घालवले. त्या दिवसांत आमच्या घरात दात कमी आणि काच जास्त घासली गेली. पंखाच्या मुळाशी तारेचे दोन तुकडे बसवून तो चिकटवला. पुढच्या चाकाला आस हवा होता, तो माझ्या गोधडीच्या सुईचा झाला. मला न विचारता झाला, हे सांगायला नको.

मग विमान चाकांवर उभं केलं, तर ते शेपटीवर बसलं, नाक वर. व्याही फोनवर हसून म्हणाले, मॉडेल जोडणारे सगळे ही चूक एकदा करतातच. नाकात वजन घालावं लागतं. जुनं वजन पडताना फुटून निघालं होतं आणि ह्यांनी नाक तसंच बंद केलं होतं. नाक पुन्हा उघडलं. वजनाला काय घालावं म्हणून घरभर शोध झाला, आणि शेवटी मीच माझी बाटली काढून दिली. मी मोडलेल्या सुया टाकून देत नाही. झाडूत जातात, पायात जातात, म्हणून बाटलीत ठेवते. तीस वर्षांच्या मोडक्या सुया त्या विमानाच्या नाकात गेल्या आणि ते शहाण्यासारखं तीन चाकांवर उभं राहिलं. मला उगाच अभिमान वाटला.

त्यानंतर रंगाचं काम सुरू झालं आणि माझा जीव टांगणीला लागला.

मोठा कप भरून राखाडी रंग ह्यांनी मिसळला, त्यावर चिठ्ठी लावली: पांढरा अकरा, काळा तीन, निळा एक. पंखाखाली एक जागा होती, तिथे इंधनाची टाकी लटकलेली असल्यामुळे अठरा वर्षांत ऊन लागलं नव्हतं. त्या जागेशी त्यांनी रंग जुळवला. मी दारात नेऊन पाहिला. बिनचूक होता. अंगावर फवारा मारला, पंखांवर मारला, छान बसला आणि कप रिकामा झाला. राहिली ती बारीक कामं. चाकं आत घेतली की बंद होणारी झाकणं, काचेची कड, शेपटीच्या बुडाशी एक पट्टी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं मी म्हटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेबलापाशी उभे होते आणि त्यांचा आवाज चढला होता. माझ्या रंगाला कुणी हात लावला, असं विचारत होते. आदल्या दिवशी ब्रशने रंगवलेली चाकांची झाकणं निळसर दिसत होती. मी म्हटलं, घरात मी आणि तुम्ही, तिसरं कोण आहे? ते म्हणाले, काल बरोबर होता, मी स्वतः पाहिला, आज कसा बदलला? त्यांनी झाकणं घासली आणि पुन्हा रंगवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळसर. पुन्हा तेच. चार वेळा झालं. चौथ्या वेळी ते चिडले नाहीत, नुसते ब्रश धुवायला गेले, आणि त्यांचं चिडणं परवडलं असतं असं मला वाटलं.

कारण मला आठवण आली दिरांची. सहा वर्षांपूर्वी त्यांचंही असंच सुरू झालं होतं. एका गाडीच्या दाराला त्यांनी एकदा रंगाआधीच्या अस्तराचा हात दिला, जेवून आले आणि पुन्हा दिला, आणि शपथेवर सांगितलं की पहिला दिलाच नव्हता. मग आपल्या रंगात कुणीतरी मुद्दाम भेसळ करतं म्हणाले. मग जाऊबाईंना त्यांच्या खिशांत चिठ्ठ्या सापडायला लागल्या. "चहा झाला." "कुलूप लावलं, मी लावलं." आता ते आपल्या बायकोला आपली बहीण समजतात, आणि ह्यांना तर काहीच समजत नाहीत. हे दर रविवारी त्यांच्याकडे जायचे, तीन गल्ल्या पलीकडे. विमान घरात आल्यापासून गेले नव्हते. विमानाचं काम आहे, म्हणायचे. मी आधी रागावले होते. मग माझ्या लक्षात आलं की रविवार जवळ आला की ह्यांचं जेवण कमी होतं, आणि त्यामागचं कारण समजल्यावर मी रागावणं सोडून दिलं. भावाकडे बघताना आपण स्वतःला बघतोय असं वाटणाऱ्या माणसाला काय बोलणार?

त्या आठवड्यात व्याही काम बघायला आले. विमान हातात घेतलं, उलटं केलं, झाकणांपाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "छान झालंय," आणि विषय बदलून मेळाव्याच्या जेवणाबद्दल बोलायला लागले. ते पायऱ्या उतरल्यावर ह्यांनी मला विचारलं, "रंग बरोबर आहे ना?"

आता मी कशी बोलते ते सगळ्या घराला माहीत आहे. पण त्या दिवशी मी मूग गिळले. "बरोबर आहे," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. खोटं बोलून मी आत गेले आणि कारण नसताना भांडी घासली.

दोन दिवसांनी त्यांचा कामाचा सदरा धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी लागली. ह्यांचं अक्षर. "पांढरा अकरा, काळा तीन, निळा तीन. मीच घातला. मोजून घातला."

मी बादलीशेजारी पाटावर बसून राहिले. खरं सांगते, रडू आलं नाही, नुसती भीती वाटली. पुढची सहा वर्षं मला माहीत होती. जाऊबाईंच्या घरी मी ती पाहिली होती. "मीच घातला" हे ज्याला लिहून ठेवावं लागतं, त्यालाही तीच भीती आहे, हेही कळलं. म्हणजे एका घरात दोघे घाबरलेले, आणि दोघेही एकमेकांपासून लपवतोय म्हणून शहाणे. चिठ्ठी मी वाळवून होती तशी परत खिशात ठेवली.

पण माझा एक स्वभाव आहे. कापड फाटलं की मी आधी रडत नाही, आधी ते कसं फाटलंय ते बघते. खिळ्याला अडकून फाटलेलं वेगळं, विटून विरलेलं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरायला गेल्यावर मी विमान उचललं आणि दारात नेलं. कापडाचा रंग उजेडात, दारात बघायचा, हा माझा नियम. पायरीवर बसून मी ते बोटाबोटाने पाहिलं, जसं एखादं लोकरीचं पांघरूण कसर शोधत बघतात तसं.

पंख बिनचूक. पाठ बिनचूक. पोटाखालचा तेलाचा ओघळ तर असा, की बोट लावून वास घ्यावा. नाकावरचा नंबर, बुटांचे टवके, सगळं जागच्या जागी. व्याह्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की डाव्या बाजूचे टवके उजव्यापेक्षा जास्त, कारण शिडी डावीकडून लागायची. ह्यांनी डावीकडे जास्त काढले होते. विसरणाऱ्या माणसाला हे कसं लक्षात राहिलं?

निळसर काय होतं? चाकांची झाकणं. काचेची कड. शेपटीजवळची पट्टी. बस. मोठं काही नाही, सगळं बारीक. झाकणाच्या निळ्यापेक्षा कडेचा निळा वेगळा असेल म्हणून मी दोन्ही जवळ जवळ धरून पाहिले. तंतोतंत एक. चार वेळा घासून, चार वेळा नव्याने मिसळून, चारही वेळा तोच निळा.

तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. दिरांच्या चुका मी पाहिल्या होत्या. आज इथे, उद्या तिथे, त्यांना ना शेंडा ना बुडखा. विसरणारा माणूस असा शिस्तीत चुकत नाही.

मग मी बारीक ब्रश घेतलेले हे डोळ्यांसमोर आणले. बारीक ब्रश घेतला की हे घड्याळजीचं भिंग डोळ्यावर चढवतात. गॅरेजपासूनची सवय. भिंग उजव्या डोळ्यावर, डावा घट्ट मिटलेला, तोंड वाकडं. त्याच अवतारात पुढ्यातल्या बाटलीच्या झाकणात रंगाचे थेंब मिसळायचे, तिथल्या तिथे. मोठा कप मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून मिसळलेला. मोठ्या कपात निळा एक. चिठ्ठीत निळा तीन.

हे फिरून आले तेव्हा मी दारातच उभी होते, हातात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा. बूट काढू दिले नाहीत.

"उजवा डोळा झाका," मी म्हटलं. "हे कसलं आहे?"

"पांढरं. पांढऱ्याला पांढरंच म्हणणार. मला काय वेड..." तिथे ते थांबले.

"आता डावा झाका."

त्यांनी झाकला. माझ्या हातातून कापड घेतलं, पायरी उतरून उन्हात गेले, कापड डोळ्याजवळ धरलं. मग डोळा बदलला. पुन्हा बदलला. समोरच्या घरातली बाई कुंड्यांना पाणी घालत होती, ती पाणी घालायचं थांबून बघायला लागली. हे एक हात डोळ्यावर, एक हात हवेत, कधी हा डोळा कधी तो, लहान मुलासारखे.

"हे तेच कापड आहे?" त्यांनी विचारलं.

"तेच."

"या डोळ्याने जुन्या वहीच्या पानासारखं दिसतंय. पिवळट. त्यात निळा दिसणारच नाही. मी दिसेपर्यंत घालत होतो." ते पायरीवर बसले, बुटांसकट. मग कापडाची घडी घालत म्हणाले, "म्हणजे मी विसरत नव्हतो."

"नव्हता," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आलं. समोरच्या बाईचं पाणी कुंडीतून उतू जाऊन भिंतीवरून खाली चाललं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. उजव्या डोळ्यात बराच वाढलेला मोतीबिंदू, डाव्यात सुरुवात, असं त्यांनी सांगितलं. हे इतके दिवस कसं कळलं नाही, असं त्यांनी विचारलं, तर हे म्हणाले की दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, आम्हा नवराबायकोसारखं. त्या हसल्या नाहीत. मग ह्यांनी विचारलं, "आणि डोकं?" त्या म्हणाल्या, डोक्याचं मला कळत नाही, ते ह्यांना विचारा, आणि माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, होतं तेवढं शाबूत आहे.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे फुटपाथवरच उभे राहून फोन करायला लागले. लेकीला, तिच्या सासऱ्यांना, गॅरेजमधल्या जुन्या मुकादमाला. "मला मोतीबिंदू झालाय," असं ते अशा आवाजात सांगत होते, जसं काही घरात बाळ झालंय. लेक घाबरली. मी फोन घेऊन तिला सांगितलं की घाबरू नकोस, आनंदाची बातमी आहे. ती म्हणाली, तुम्हा दोघांना तरी नक्की काय झालंय?

आठ दिवसांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली त्या दिवशी ह्यांनी घरी येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे विमान दारात नेलं. झाकणं पाहिली. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुला बरोबर वाटलं होतं?"

"नाही."

"मग खोटं का बोललीस?"

"तुम्ही चिठ्ठ्या का लिहीत होता?"

त्यांनी विमान खाली ठेवलं. मला वाटलं आता ते रागावतील. ते म्हणाले, "वहिनींना दादाच्या खिशात सापडल्या तेव्हा मी तिथेच होतो." आणि माझा हात धरून दारातच बसले. आम्ही चारचौघांत हात धरणाऱ्यांतले नाही, आणि समोरची बाई होतीच. तरी सोडला नाही.

दुपारी व्याही आले. ह्यांनी सगळा पाढा वाचला आणि म्हणाले, दोन दिवस द्या, झाकणं पुन्हा रंगवून देतो. व्याही ऐकता ऐकता लाल झाले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा नवा होता.

"मला दिसलं होतं निळं," ते म्हणाले. "पण तुमच्या नजरेवर शंका मी कोण घेणार? मला वाटलं माझेच डोळे गेले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन नंबर बदलून आलो."

तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते खोटं नाही. तीन म्हातारी माणसं, तिघांना निळं दिसतंय, आणि तिघेही तोंडाला कुलूप लावून आपापल्या घरी घाबरतायत. एकाने तरी तोंड उघडलं असतं तर महिना वाचला असता. आम्ही इतके हसलो, की ह्यांना डॉक्टरीणबाईंनी वाकू नका, ताण देऊ नका असं सांगितलेलं आठवून मला त्यांना गप्प करावं लागलं. झाकणं रंगवायला मात्र व्याह्यांनी साफ नकार दिला. आमच्या हँगरमध्ये एका विमानाचं झाकण गेलं की दुसऱ्याचं काढून लावायचो, म्हणाले, सगळा एकच रंग असलेलं विमान मी कामावर कधी पाहिलंच नाही. माझे सोबती हेच बघून खूश होतील. हे खरं होतं की ह्यांचं मन राखायला होतं, ते मी विचारलं नाही.

मेळावा रविवारी संध्याकाळी होता आणि विमान आम्हीच पोचवणार होतो. सकाळी हे अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. मी म्हटलं, इतक्या लवकर? ते खोकं उचलत म्हणाले, "आधी दादाकडे जाऊ." मी चप्पल घालायला गेले ती तोंड पलीकडे करूनच, कारण माझा जीव त्या क्षणी कुठे भांड्यात पडला. इतके दिवस मला वाटत होतं की तो दवाखान्यातच पडलाय.

जाऊबाईंनी दार उघडलं. तीन महिने का आला नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं "या" म्हणाल्या. दीर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. स्वेटरचं बटण एक घर चुकून लावलेलं. हे त्यांच्यासमोर वाकून म्हणाले, "दादा, मी आलोय."

दीर अदबीने हसले. "बसा ना. आपण कुठून आलात?"

हे बसले. मग ह्यांनी खोकं उघडून विमान काढलं आणि दिरांच्या मांडीवर ठेवलं. मी म्हणणार होते की पडेल, पण जाऊबाईंनी मला हाताने थांबवलं.

दिरांनी विमानाकडे पाहिलं. ते काय आहे ते त्यांना कळलं असावं असं काही वाटलं नाही. पण मग त्यांचे हात हलले. त्यांनी ते उचललं, खिडकीकडे वळवलं, उजेड आडवा पडेल असं तिरकं धरलं, जसं गॅरेजमध्ये दार धरायचे. पंखावरून अंगठा फिरवला. पाठीवरून फिरवला. उलटं केलं. चाकाच्या झाकणावर अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा आला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"निळा जास्त पडलाय," ते म्हणाले.

ह्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"काडीच्या टोकाएवढा तांबूस घाल, बसेल," दीर म्हणाले. त्यांचा आवाज जुना होता, गॅरेजमधला, धाक असलेला. "आणि उजेडात मिसळत जा. कितीदा सांगायचं तुला?"

"चुकलं, दादा," हे म्हणाले.

"चुकणारच. घाई नडते तुला." त्यांनी विमान परत दिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

जाऊबाई पदराने डोळे पुसत आत चहा टाकायला गेल्या. हे हसत होते आणि नव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. मी रुमाल पुढे केला आणि डोळा चोळू नका असं दोनदा सांगितलं. चहा झाल्यावर आम्ही निघालो तेव्हा दिरांनी उठून हात जोडले आणि पुन्हा या म्हणाले, कुणाही पाहुण्याला म्हणावं तसं.

"पुढच्या रविवारी येतो," हे म्हणाले.

रस्त्यात खोकं दोन्ही हातांत धरून ते माझ्यापुढे दोन पावलं चालत होते. कोपऱ्यावर थांबले, मी गाठेपर्यंत.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "मला 'तुला' म्हणाला."